चेंडूला विटाळ नव्हता : बाळू पालवणकरांची गोलंदाजी

सोलापूरच्या पार्क मैदानावर सकाळी फिरावयास जाण्याचा आमचा परिपाठ बरीच वर्षे आहे. तेथे जाळ्यांतला सराव पाहत उभे राहिले की एक गोष्ट हटकून लक्षात येते. बॅट, पॅड, हेल्मेट असा सरंजाम ज्यांच्यापाशी असतो ती मुले आधी फलंदाजी करतात; ज्यांच्यापाशी काही नसते ती चेंडू टाकीत राहतात. तासाभराने ऊन चढते, सायकली निघतात, आणि चेंडू टाकणाऱ्यांपैकी दोघातिघांची पाळी त्या दिवशीही आलेली नसते. यात कुणी कुणाला मुद्दाम नाडते असे नाही. क्रिकेट हा खेळ आपल्याकडे आला तेव्हापासून त्याची घडी अशीच बसलेली आहे. पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, 1926 सालचा, हे आमच्या शहरात शाळकरी मुलालाही सांगता येते. परंतु हिंदुस्थानचा पहिला मोठा गोलंदाज कोण, असे आम्ही एकदा वर्गात विचारले, तेव्हा उत्तरे कपिलदेवपासून सुरू झाली आणि फार मागे गेली तर विनू मंकडपाशी थांबली. बाळू पालवणकर हे नाव कुणाच्याही तोंडी आले नाही. एका मुलीने मात्र विचारले, "सर, 'लगान'मधला कचरा म्हणजे तेच का?"

प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तर द्यावयाचे म्हणून हा लेख.

'लगान' 2001 साली आला. त्याची कथा 1893 सालात घडते. त्यातील अस्पृश्य कचरा याचा हात जन्मतः अधू आहे आणि त्या व्यंगामुळेच त्याच्या हातून सुटलेला चेंडू वळतो. पडद्यावर हे फार परिणामकारक दिसते. परंतु ज्या सुमारास हे काल्पनिक चंपानेर क्रिकेट शिकत होते, त्याच सुमारास पुण्यात एक सतरा-अठरा वर्षांचा चर्मकार तरुण रोज सकाळी एका इंग्रज कप्तानाला चेंडू टाकीत होता, आणि त्याचा चेंडू वळे तो हाताच्या व्यंगाने नव्हे. अस्पृश्य माणसाच्या कौशल्याला निसर्गाच्या एखाद्या चुकीचे कारण दिले म्हणजे ते पाहणाऱ्याला पचायला सोपे जाते, असे आम्हांला वाटते. बाळूंच्या बाबतीत ते कारण उपलब्ध नाही. त्यांच्यामागे हजारो तासांची मेहनत आहे, आणि ती मेहनत पगारी होती.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला झाला. पालवण हे कोकणातले मूळ गाव. आडनाव तेथून आलेले. वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत होते. लष्करी छावणीत वाढणाऱ्या मुलांना क्रिकेट दिसत होते, आणि साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू मिळत होते. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम त्यावर शिकले. शाळा लवकर सुटली. पहिली नोकरी पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात लागली, ती मैदान झाडण्याची आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याची. पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगार चार रुपये झाला. कामे तीच : खेळपट्टीची निगा राखणे, चुन्याच्या रेघा आखणे, जाळ्या लावणे, लागेल तेव्हा टेनिसच्या मैदानाकडे पाहणे. सभासदांपैकी कुणाला सराव हवा असेल तर गोलंदाजी करणे हे याच कामांतले आणखी एक.

या सभासदांत कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळचे हिंदुस्थानातील सर्वोत्तम गोरे फलंदाज होते. (हॅम्पशायरकडून खेळलेला हा सैनिक पुढे उतारवयात कॅथलिक धर्मगुरू झाला; पण तो वेगळा विषय.) ग्रेग इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे द्यायचे, असा त्यांचा शिरस्ता होता अशी कथा सांगितली जाते. तिचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. महिन्यात आठदा ग्रेगना बाद केले की पगार दुप्पट. हिंदुस्थानात गोलंदाजाच्या कौशल्याला रोख भाव मिळाल्याचे इतके जुने दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही. पूना क्लबात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली. मात्र त्या साऱ्या काळात त्यांच्या हाती बॅट एकदाही दिली गेली नाही.

गोलंदाजी हे काम होते आणि फलंदाजी हा शौक होता, ही विभागणी केवळ वसाहतीची नव्हती. खुद्द इंग्लंडमध्येही ती होतीच. तेथे हौशी खेळाडू 'जंटलमन' म्हणवले जात आणि पैसे घेऊन खेळणारे 'प्लेयर'. दोघांची कपडे बदलण्याची खोली वेगळी, मैदानावर उतरण्याचे फाटकसुद्धा पुष्कळ ठिकाणी वेगळे. गोलंदाजीचा भार बहुतांशी प्लेयरांवर पडे आणि कप्तान जंटलमन असे. ही व्यवस्था 1962 सालापर्यंत टिकली. विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाला पहिला व्यावसायिक कप्तान मिळाला तो 1952 साली, लेन हटन यांच्या रूपाने. बाळूंना त्यांचे समकालीन 'हिंदुस्थानचे ऱ्होड्स' म्हणत. यॉर्कशायरचे विल्फ्रेड ऱ्होड्स हेही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि तेही व्यावसायिक. म्हणजे उपमा गोलंदाजीपुरती दिलेली असली तरी तिच्यात सामाजिक पायरीसुद्धा आपोआप आली होती. फरक इतकाच की ऱ्होड्स यांची पायरी वर्गाची होती. तीवर चहा वेगळ्या पेल्यात मिळत नसे.

बाळूंची कीर्ती क्लबाच्या कुंपणाबाहेर गेली तेव्हा पुण्यातील हिंदूंच्या क्लबापुढे पेच पडला. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा. पण त्याला संघात घ्यायचे तर त्याच्याबरोबर उठबस आली. तेलुगू भाषक सभासदांचा पाठिंबा होता, पुणेरी ब्राह्मण सभासदांचा विरोध होता, आणि अखेरीस निघाली ती तडजोड आमच्या मते मराठी समाजाच्या इतिहासातील एक अत्यंत बोलकी तडजोड आहे. बाळू संघात आले. मैदानावर सर्वांनी एकाच चेंडूला हात लावायचा. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या बोळक्यातून मिळे. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी. तोंड धुण्यासाठी पाणी हवे असेल तर ते अस्पृश्य गड्याने आणून घालायचे.

आता चेंडूचा विचार करा. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा. ज्या जातीचा स्पर्श नको तिच्याच पारंपरिक कामातून कमावलेली वस्तू. गोलंदाज ती बोटांनी घासतो, घामाने ओली करतो, आणि षटक संपले की ती वस्तू दहा हातांतून फिरते. शास्त्राप्रमाणे पाहिले तर त्या दहा जणांना दिवसातून शंभरदा स्नान घडले पाहिजे होते. कुणाला घडले नाही. विटाळाचा नियम गरजेप्रमाणे कोठे वाकतो आणि कोठे मुळीच वाकत नाही, हे पाहावयाचे असेल तर धर्मग्रंथांपेक्षा पुण्याच्या त्या मैदानाकडे पाहावे. खेळ जिंकायचा असेल तेथे तो वाकला. जेथे जिंकण्यासारखे काही नव्हते, केवळ एकत्र बसून चहा प्यायचा होता, तेथे तो ताठ उभा राहिला.

साताऱ्याची एक हकीकत या काळातली आहे. तेथील युरोपियन जिमखान्याने बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून आठवडाभर आधीपासून खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला असे सांगतात. बाळूंनी सात बळी घेतले. मग हत्तीवरून मिरवणूक निघाली, आणि पुण्यात परत आल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना हार घातला. याच्याबरोबर चहा प्यायला लाजता कामा नये, असे रानड्यांनी आपल्या जातभाईंना सुनावल्याचेही सांगतात. हत्ती आणि मातीचे बोळके ही दोन्ही एकाच माणसाच्या एकाच काळातील आहेत, हे या हकिकतीत आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सत्कार करणे सोपे होते. सत्काराला खर्च येतो तो पैशांचा.

1896 साली पुण्यात प्लेगने थैमान घातले आणि त्यानंतर बाळू मुंबईस आले. काही काळ लष्करी पलटणीत, मग बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात त्यांना घ्यावे की नाही यावर येथेही वाद झाला. कप्तान कीर्तिकर यांनी गुजराती सभासदांची समजूत घातली आणि प्रवेश मिळाला. मुंबईत एक पाऊल पुढे पडले : येथे ते सहकाऱ्यांच्या पंक्तीला जेवू लागले. पुण्याने ज्या गोष्टीसाठी पाठ फिरवली होती ती मुंबईने काही वर्षांत दिली. व्यापारी शहराला पंक्तीचा विधिनिषेध कमी असतो, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की मुंबईत हिंदू, पारशी आणि युरोपियन यांच्यातील सामने हा जातीजमातींच्या प्रतिष्ठेचा मामला झाला होता, आणि तेथे हरणे महाग होते.

फेब्रुवारी 1906 चा हिंदू विरुद्ध युरोपियन सामना या दृष्टीने निर्णायक ठरला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या; युरोपियनांना 191 आणि 102 मध्ये गुंडाळले; विजय 109 धावांचा. दोन्ही डावांत मिळून बाळूंचे आठ बळी, त्यांपैकी पाच दुसऱ्या डावात, म्हणजे सामना खरोखर पणाला लागलेला असताना. शिवरामही या संघात होते. वंगभंगाचे आंदोलन पेटलेले होते, रशियावर जपानने मिळवलेला विजय ताजा होता, त्यामुळे या सामन्याला आपोआप राजकीय अर्थ आला. त्यातही 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने काढलेला अर्थ अधिक नेमका होता. या पत्राने साहेब हरला याहून अधिक महत्त्व दिले ते चर्मकार बंधूंना जिमखान्यात घेण्याला, आणि तरुण हिंदूंची मने मोकळी करण्याचे जे काम या एका घटनेने केले ते इतर क्षेत्रांतील खटाटोपांनी केलेले नाही, अशा आशयाचा अभिप्राय दिला. सुधारकांना पावलोपावली जे व्याख्यानांनी साधत नव्हते ते एका डावखुऱ्या माणसाने चेंडूने साधले, हा त्यातला आनंद खरा होता. पण सुधारणेचे श्रेय प्रवेश देणाऱ्यांना मिळाले, प्रवेश मिळवणाऱ्याला नव्हे, हेही त्यात दिसते.

बाळूंच्या गोलंदाजीचे चलच्चित्र आपल्यापाशी नाही. समकालीनांच्या वर्णनांतून जे उभे राहते ते असे : डाव्या हाताची संथ ते मध्यम गती, सहज सुटणारा हात, दोन्ही बाजूंना वळणारा चेंडू, उंची आणि वेग यांत सतत बदल, आणि थकवा जाणवू न देता तासन्‌तास एका टप्प्यावर मारा करण्याची ताकद. शेवटचा गुण जाळ्यांत पगारावर घालवलेल्या वर्षांतून आलेला असणार. ज्याला फलंदाजाच्या मर्जीनुसार, तो थांब म्हणेपर्यंत चेंडू टाकावा लागतो, त्याला दमण्याची मुभा नसते.

1911 साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळू पस्तिशीत होते. कप्तान होते पतियाळाचे एकोणीस वर्षांचे महाराज भूपिंदरसिंग. त्यांना दौऱ्यात क्रिकेटहून अधिक रस दरबारी समारंभांत होता. संघ म्हणून हा दौरा यशस्वी म्हणता येणार नाही. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांत दोन विजय आणि दहा पराभव. त्या पडझडीत बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून 114 बळी घेतले, सरासरी 18.84. केवळ प्रथम श्रेणीचे सामने धरले तर 75 बळी, सरासरी 20.12. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8 बळी. लेस्टरशायरवर मिळवलेल्या विजयात त्यांचे 11 बळी होते. सॉमरसेटविरुद्धचा दुसरा विजय एका गड्याने मिळाला, आणि तेथे शिवराम यांचे नाबाद 113 कामी आले. म्हणजे पहिल्या भारतीय संघाने इंग्लंडच्या भूमीवर काउंटी संघांविरुद्ध जे दोन सामने जिंकले त्या दोहोंवर पालवणकर बंधूंची मुद्रा आहे. हाती पडलेले झेल क्षेत्ररक्षकांनी सोडले नसते तर आकडा आणखी वाढता. संपूर्ण कारकिर्दीत प्रथम श्रेणीचे सामने 33, बळी 179, सरासरी 15.21. एका डावात पाच किंवा अधिक बळी सतरा वेळा. तेहतीस सामन्यांत सतरा वेळा, हे प्रमाण वाचकांनी क्षणभर मनात घोळवावे. भारताने पहिली कसोटी 1932 साली खेळली. तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते.

बाळूंच्या यशाचा जाहीर अभिमान ज्यांनी बाळगला त्यांत तरुण भीमराव आंबेडकर होते. मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंच्या गौरवार्थ सभा भरवली तेव्हा मानपत्रामागे त्यांचा हात होता. हे नीट लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडेल.

चहाचा पेला झाला, पंगत झाली, राहिले कप्तानपद. 1913 पासून बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चौघे पालवणकर बंधू हिंदू संघात खेळू लागले. कोणत्याही कसोटीवर बाळू संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू होते. तरी कप्तान वर्षानुवर्षे एम. डी. पै. हे पै सज्जन गृहस्थ होते. एका सत्कारसमारंभात त्यांनी स्वतःच सांगून टाकले की हा मान आपले ज्येष्ठ मित्र बाळू यांना मिळावयास हवा होता. सभेने टाळ्या वाजवल्या असतील. पुढच्या वर्षी कप्तान कोण, या प्रश्नावर त्याचा परिणाम झाला नाही.

येथे पुण्यातील तडजोडीचेच तत्त्व वरच्या मजल्यावर दिसते. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, ते अस्पृश्याने केले तर चालते, किंबहुना त्यानेच करावे. क्षेत्ररक्षक कोठे उभा राहील, चेंडू कोणाच्या हाती जाईल, हे ठरवणे हा हुकूम. दहा सवर्णांनी अस्पृश्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर दहा पावले डावीकडे सरकायचे, हे दृश्य जिमखान्याच्या कार्यकारिणीला सोसवण्यासारखे नव्हते. बाळूंच्या गोलंदाजीला शंभर गुण देणारे लोक त्यांच्या नेतृत्वाचा विचारच करीत नसत, आणि यात आपण काही विसंगत वागतो आहोत असेही त्यांना वाटत नसे.

1920 साली ठिणगी पडली. वयाच्या कारणावरून बाळूंना संघातून वगळले. पै आजारी असल्याने कप्तानपद रिकामे होते आणि विठ्ठल हे त्या वेळी हिंदू संघाचे सर्वोत्तम फलंदाज. निवड झाली ती दि. ब. देवधर यांची. देवधर ब्राह्मण, संस्कृतचे प्राध्यापक, वयाने तरुण, आणि पुढे जो मोठेपणा त्यांना मिळाला तो न्याय्यच होता. आमच्याच पेशातील माणूस म्हणून आम्हांला त्यांचे कौतुकही आहे. परंतु 1920 साली त्यांची निवड ज्या कारणाने झाली ते कारण क्रिकेटचे नव्हते, असे शिवराम आणि विठ्ठल यांनी मानले. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि वृत्तपत्रांतून निवेदन प्रसिद्ध केले : ज्येष्ठता आणि कौशल्य बाजूला सारून केवळ जातीपायी डावलले जाणे आम्ही मान्य करणार नाही, असा त्याचा रोख. अस्पृश्य खेळाडूंनी हिंदुस्थानात केलेला हा बहुधा पहिला जाहीर संप. पत्रव्यवहाराला तोंड फुटले, लोकमत बंधूंच्या बाजूने झुकले, आणि त्याच सुमारास, डिसेंबर 1920 मध्ये, नागपूर काँग्रेसने अस्पृश्यतानिवारणाचा ठराव केला. अंतिम सामन्याला पै परत आले, बंधू परतले, बाळूंना उपकप्तान नेमण्यात आले. सामन्यात काही वेळ पै मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते हिंदू संघाचे नेतृत्व बाळू पालवणकरांकडे आले. तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. तेवढेच काय ते त्यांचे कप्तानपद.

विठ्ठल 1923 साली कप्तान झाले. हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र 1948 साली निघाले. मराठीतील आत्मचरित्रांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. अभ्यासक्रमांत 'बलुतं' आणि 'उपरा' यांना स्थान आहे आणि ते असलेच पाहिजे. पण त्यांच्या तीन दशके आधी एका चर्मकार खेळाडूने मराठीत लिहिलेल्या आत्मकथनाची दखल एम.ए.च्या वर्गात आम्ही विद्यार्थी असताना घेतली गेली नाही, आणि प्राध्यापक झाल्यावर आम्हीही कित्येक वर्षे घेतली नाही. रामचंद्र गुहा यांचे इंग्रजी पुस्तक 2002 साली आले, आणि आपल्याच भाषेतले हे पुस्तक आम्हांला त्याच्या आधाराने कळले.

अमेरिकेत बेसबॉल या खेळात 'पिचर' म्हणून जो असतो त्याचे काम आपल्या गोलंदाजाचेच : साऱ्या संघाचे भवितव्य एका हातावर. तेथील सॅचेल पेज हा काळा पिचर 1906 साली, म्हणजे बाळूंनी युरोपियनांना लोळवले त्याच वर्षी जन्मला. त्याची उमेदीची वर्षे काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये गेली, कारण मोठ्या लीगचे दार रंगामुळे बंद होते. ते जॅकी रॉबिन्सनने 1947 साली उघडले आणि पुढच्या वर्षी पेज क्लीव्हलँडच्या संघात आला, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. 1971 साली त्याला त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात स्थान द्यायचे ठरले. पण आधीचा बेत असा की काळ्यांच्या लीगच्या खेळाडूंची मांडणी वेगळ्या दालनात करावी. ओरड झाल्यावर तो बेत सोडावा लागला. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की आपल्या व्यवस्थेची जात कळते. अमेरिकेने पेजला मैदानाबाहेर ठेवले. आपण बाळूंना मैदानात घेतले, त्यांच्याकडून बळी घेववले आणि वेगळे दालन चहाच्या वेळेपुरते उभे केले. पेजला आपल्यावर झालेला अन्याय दाखवायला कुंपण होते. बाळूंच्या समोर कुंपण दर वेळी थोडेसे मागे सरकत होते.

आणि त्यांच्या राजकारणाचा उलगडा आमच्या मते येथे होतो. या विषयावर लिहिणारे बहुधा चाचरतात. क्रिकेटप्रेमी तो भाग गाळतात आणि चळवळीतले मित्र तेवढाच भाग सांगतात. 1932 साली स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू हे एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर आंबेडकरांची सही आहे आणि पी. बाळू यांचीही आहे. 1935 साली येवल्याला आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ती बाळूंना पटली नाही. 1937 च्या निवडणुकीत मुंबईच्या राखीव जागेसाठी काँग्रेसने बाळूंना थेट आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. ज्या कराराने ही राखीव जागा निर्माण झाली त्यावर दोघांच्या सह्या होत्या, आणि ज्याच्या मानपत्रामागे एकाचा हात होता तोच दुसऱ्या बाजूने उमेदवार होता.

आमचे एक सहकारी मित्र यावर एका वाक्यात निकाल देतात : बाळू वापरले गेले. काँग्रेसला आंबेडकरांसमोर एक प्रसिद्ध अस्पृश्य चेहरा हवा होता, हे खरे आहे, आणि राजकीय निर्णय म्हणून आम्हांला आंबेडकरांची बाजू बरोबर वाटते हेही सांगून टाकतो. परंतु बाळूंना केवळ प्यादे मानणे म्हणजे त्यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाला बुद्धी नव्हती असे मानणे. त्यांनी काय पाहिले होते? पुण्यात बाहेर बसून मातीच्या बोळक्यातून चहा घेतला. मुंबईत पंक्तीला बसले. स्वतःला कप्तानपद मिळाले नाही, पण भावाला मिळताना पाहिले, आणि त्याच भावाला सवर्णांच्या खांद्यावर पाहिले. ज्याच्या आयुष्यात दार प्रत्येक वेळी, उशिरा का होईना, बोटभर उघडले, त्याला दारावर आणखी थोडा जोर लावू असे वाटणे साहजिक होते. आंबेडकर दुसऱ्या अनुभवातून आले होते. परदेशातील पदव्या घेऊन आलेल्या माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. त्यांच्यापुढचे दार गुणवत्तेने बोटभरही हलले नव्हते. मैदानावर निदान धावफलक असतो. त्यावर लिहिलेले आठ बळी कार्यकारिणीला खोडता येत नाहीत. कचेरीत, वाड्यात, पाणवठ्यावर असा फलक नसतो, आणि बाळूंनी आपल्या मैदानावरचा अनुभव साऱ्या समाजाला लागू धरला, ही त्यांची चूक आम्हांला दिसते. ती भाबडी म्हणता येईल. लाचार म्हणता येणार नाही. ज्या घरातून 1920 चे निवेदन निघाले त्या घराला लाचारी ठाऊक नव्हती.

4 जुलै 1955 रोजी बाळू पालवणकर मुंबईत वारले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध आमच्या सोलापूरच्या पॉली उम्रीगरांनी 223 धावा केल्या. भारतीयाचे कसोटीतील ते पहिले द्विशतक. तो आकडा येथे अजूनही ठेक्यात सांगितला जातो. त्याच सामन्यात सुभाष गुप्ते यांनी एका डावात सात बळी घेतले होते. ते ज्या विद्यार्थ्याला ठाऊक होते असा एकच आमच्या वर्गात निघाला. तो पार्क मैदानावर सकाळी चेंडू टाकायला येतो.